उल्हासचा कोरा रकाना

सुमंत कारखानीसच्या डाव्या हाताची अनामिका त्याच्या ताब्यात राहिली नव्हती. टाइप करताना वाक्य संपलं की ती आपसूक उचलली जायची आणि कीबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली एस्केपची कळ दाबून परत यायची. कीबोर्ड समोर नसला तरी तिचं काही अडायचं नाही. जेवताना सुमंतचं बोलणं संपलं की ती ताटाशेजारी एकदा टक करायची, आणि त्याची बायको वसुधा म्हणायची, "झालं याचं वाक्य पूर्ण. आता भात वाढू?"

हे व्हिमचं देणं. व्हिम हा एक जुना एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम ज्यात लिहायचा ते साधन. त्यात मजकूर लिहून झाला की एस्केप दाबून बाहेर यावं लागतं. मग त्याच कळा हुकूम म्हणून चालतात, ओळी पुसतात, हलवतात, शोधतात. पुन्हा लिहायचं तर पुन्हा आत. नवख्याला हा छळ वाटतो आणि मुरलेल्याला दुसरं काही चालत नाही. नागपुरात कॉलेजच्या लॅबमध्ये, व्हिमच्या आधीच्या व्हीआय एडिटरवर लागलेली ही सवय सुमंतने ओहायोतल्या डब्लिनपर्यंत आणली होती. आता तो अठ्ठावन्न वर्षांचा होता, एका विमा कंपनीत क्लेमच्या सिस्टिमवर काम करणाऱ्या पाच जणांचा लीड होता, आणि मनापासून थकला होता.

थकायला तसं मोठं कारण नव्हतं. मोठं कारण असलं की माणसाला ते निदान सांगता तरी येतं. वर्षभर जुनी सिस्टिम नव्या जागी हलवायचं काम चाललं होतं. सकाळी सहाला पुण्याच्या टीमबरोबर कॉल, आठला इथल्या लोकांबरोबर, आणि मग दिवसभर, ज्यांना जुनं काही ठाऊक नाही त्यांना ते का मोडू नये हे समजावणं. संध्याकाळी गाडी घरासमोर लावली की तो पाच मिनिटं तसाच बसून राहायचा. वसुधा खिडकीतून बघायची आणि हाक मारायची नाही.

त्या ऑफिसात त्याला विरंगुळा एकच होता. उल्हास मेहेंदळेशी भांडणं.

उल्हास पुण्याचा, बासष्ट वर्षांचा, सुमंतच्याच टीममध्ये. अनुभवाने तोच मोठा, पण लीड व्हायला त्याने दोनदा नकार दिला होता. "मला फाइली सांभाळता येतात, माणसं नाही," म्हणाला, आणि ते खरंही होतं. तो ईमॅक्सवाला. ईमॅक्स हा दुसरा जुना एडिटर, व्हिमचा जन्माचा वैरी. त्यात जवळजवळ प्रत्येक हुकमाला कंट्रोलची कळ दाबून धरावी लागते, आणि ती दाबून दाबून उल्हासची डावी करंगळी आत वळली होती. थंडीत ती दुखायची. सुमंत तिला ईमॅक्सचा प्रसाद म्हणायचा.

"माझं एक बोट गेलंय," उल्हास म्हणायचा. "तुम्हा व्हिमवाल्यांचं डोकं गेलेलं असतं. आत शिरलेला माणूस बाहेर कसं पडायचं ते विचारत फिरतो, त्याला तुम्ही एडिटर म्हणता."

"तुझं ईमॅक्स उघडेपर्यंत मी काम संपवून डबा खाऊन येतो यार."

हे संवाद बावीस वर्षं, थोड्याफार फरकाने, रोज चालले होते. तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, असला तो प्रकार. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चार वाजता दोघांची मॅच व्हायची. कुणीतरी एक विस्कटलेली फाइल आणून द्यायचं, आणि ती कमीत कमी कळा दाबून जो नीट करेल तो जिंकला. हरलेल्याने पुढच्या सोमवारी बाकरवडी आणायची. एके काळी ही मॅच बघायला सगळा मजला जमायचा, आणि एकमेकांची उणीदुणी काढताना दोघांना त्या गर्दीचा चेव चढायचा.

गेल्या वर्षी निधी टीममध्ये आली. सव्वीस वर्षांची, हुशार, दोघांनाही काका म्हणणारी. एका शुक्रवारी तीच फाइल घेऊन आली, आणि दोघं बाह्या सरसावत असताना तिने आपल्या लॅपटॉपवरच्या एआयला इंग्रजीत एक वाक्य सांगितलं. फाइल नीट झाली. "सॉरी काका, मला फक्त बघायचं होतं, जमतं का," ती म्हणाली. कुणालाच राग आला नाही. सोमवारी बाकरवडी कुणी आणायची हे ठरेना, म्हणून कुणीच आणली नाही. त्यानंतर मॅच होत राहिली, पण बघायला कुणी यायचं नाही. दोन म्हातारे आपले बसायचे आणि खेळायचे.

फेब्रुवारीत वरून एक फॉर्म आला. नवी सिस्टिम आल्यावर माणसं कमी लागणार होती, आणि प्रत्येक लीडने आपल्या टीममधल्या प्रत्येकाबद्दल लिहायचं होतं, की हा माणूस कंपनीला का हवा. लिहिणं ऐच्छिक होतं. पण असल्या फॉर्मचा एक न लिहिलेला नियम असतो, आणि तो सगळे लीड जाणून असतात: एखाद्याबद्दल वाईट लिहायचं नसेल तर रकाना कोरा सोडायचा. वाचणारे समजून घेतात.

सुमंतला सगळ्यात काळजी होती ती उल्हासची. उल्हास आणि त्याची बायको मीनाक्षी कॉलेजातले वर्गमित्र, दोघंही बासष्टचे. पासष्टी गाठली की दोघांना सरकारी विमा मिळणार होता, पण तोवरची तीन वर्षं कंपनीच्याच विम्यावर काढायची होती. मीनाक्षीचे सांधे धरलेले. दर दोन आठवड्यांनी तिला जे इंजेक्शन लागायचं, ते विम्याशिवाय घेणं परवडणाऱ्यातलं नव्हतं. हे उल्हासने कधी सांगितलं नव्हतं. वसुधाला मीनाक्षीने सांगितलं, वसुधाने सुमंतला.

म्हणून त्याने उल्हासचा रकाना शेवटी ठेवला. नावावर क्लिक केलं की लिहायची खिडकी उघडायची, सेव्ह केलं की ती बंद होऊन मागची यादी दिसायची. चौघांचं आधी उरकलं, प्रत्येकाखालचं सेव्हचं बटण दाबलं, आणि मग उल्हाससाठी खुर्ची पुढे ओढून बसला. शुक्रवार होता, पाचपर्यंतची मुदत होती, आणि सकाळपासूनची ती पाचवी तास-दीड तासाची बैठक संपली होती. एरवी तो असलं काही थेट ब्राउझरमध्ये लिहायचा नाही. पंधरा वर्षांपूर्वी त्याचा सुट्टीचा अर्ज एकाच दिवशी तीनदा उडाला होता, कारण ब्राउझरमधल्या कित्येक खिडक्या एस्केप दाबलं की लिहिलेलं टाकून देऊन गुपचूप बंद होतात. तेव्हा उल्हासनेच दम भरला होता. "आधी तुझ्या त्या डबड्यात लिही, मग इथे चिकटव. तुझं बोट तुझं ऐकत नाही." सुमंतने एवढा एकच सल्ला त्याच्याकडून निमूट घेतला होता आणि पंधरा वर्षं पाळला होता.

त्या दिवशी नाही पाळला. दुसरी खिडकी उघडायचाही कंटाळा आला, एवढंच खरं कारण. तो थेट लिहीत सुटला. दोन तास लिहिलं. बावीस वर्षांत जे तोंडावर कधी म्हटलं नव्हतं ते सगळं त्या चौकोनात उतरलं, आणि लिहिता लिहिता त्याला फार दिवसांनी बरं वाटलं. शेवटचं वाक्य झालं. अनामिका उचलली गेली आणि जाऊन आली. खिडकी बंद झाली, मागची नावांची यादी दिसली. पोचलं एकदाचं, असं समजून त्याने लॅपटॉप मिटला आणि घरी जाऊन तो दहा तास झोपला.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी सकाळी, देवांगचा फोन आला. देवांग कर्णिक त्यांचा डायरेक्टर, अडतीस वर्षांचा. मीटिंगमध्ये नुसतं सुमंत म्हणणारा आणि बाहेर सुमंतकाका.

"काका, उल्हासकाकांना आत्ता सांगितलं. आज लास्ट डे. आय वॉन्टेड यू टू हिअर इट फ्रॉम मी."

"मी एवढं लिहिलं होतं त्याच्याबद्दल," सुमंत म्हणाला.

"काका, तुमचे चार रकाने भरलेले होते. पाचवा ब्लँक होता. मला वाटलं तुम्ही डीसेंटली सांगताय."

मग सुमंतला सगळं एकदम दिसलं. खिडकी, यादी, आपलं बोट. त्याने देवांगला ते सांगितलं, व्हिम, एस्केप, सगळं. सांगताना आपणच आपल्याला खोटे वाटत होतो. देवांगच्या पिढीने व्हिमचं फक्त नाव ऐकलेलं. "ओके काका," देवांग म्हणाला, आणि त्या ओकेमधूनच कळत होतं की त्याचा विश्वास बसलेला नाही. तरी पोरगा भला. त्याने वर विचारून बघितलं. शुक्रवारी उत्तर आलं की निर्णय झालेला आहे. लिहिलं असतं तर उल्हास वाचला असता का, असंही सुमंतने विचारलं. "खरं सांगू? मेबी. मेबी नॉट," देवांग म्हणाला. हे उत्तर सुमंतला सगळ्यात जड गेलं, कारण त्याला ना पूर्ण दोषी होता येत होतं ना सुटता येत होतं.

"तुला तरी खरं वाटतंय ना?" त्याने रात्रीच्या जेवणाला वसुधाला विचारलं.

"वाटतंय रे," ती म्हणाली. "पण मी मीनाक्षी असते तर नसतं वाटलं."

शनिवारी सकाळी तो निघाला. रस्त्याच्या कडेला काळवंडलेला बर्फ अजून होता. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून इंडियन ग्रोसरीत थांबला, आणि हाताला सवयीने बाकरवडीचं पाकीट लागलं. गाडीत बसल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली, पण परत जाऊन ते बदलण्याचं त्राण नव्हतं. तिथून उल्हासचं घर सात मिनिटांवर, आणि त्या सात मिनिटांत त्याने काय बोलायचं ते चारदा ठरवलं आणि चारदा मोडलं.

मीनाक्षीने दार उघडलं. "या भाऊजी," म्हणाली. पाकीट घेतलं, बघितलं, आणि न फोडता ओट्यावर ठेवलं. उल्हास स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. दाराशी एक खोका होता, ऑफिसचा लॅपटॉप परत पाठवायचा. उल्हासने मान हलवली. उठला नाही.

"तुझा रकाना कोरा होता म्हणे," तो म्हणाला. "देवांगच्या तोंडून निघून गेलं."

सुमंतने तोंड उघडलं, पण मीनाक्षी आधी बोलली. आवाज चढवला नाही तिने. "दोन दिवस मी यांना विचारतेय, सुमंतभाऊजी असं का करतील. हे उत्तरच देत नाहीत. बावीस वर्षं तुम्ही एकमेकांना टाकून बोललात. मी म्हणायची, खेळ आहे. खेळच होता ना, भाऊजी?"

"खेळच होता वहिनी. मी लिहिलं होतं. दोन तास बसून लिहिलं होतं. आणि शेवटी…"

पुढचं त्याला सांगवेना. देवांगसमोर सांगितलं तेव्हा कसं वाटलं होतं ते आठवलं. वाक्य अर्धंच राहिलं, पण बोटाला ते कुठलं कळायला. टेबलाच्या कडेवर त्याची अनामिका एकदा टक करून आली.

उल्हास त्या बोटाकडे बघत होता.

"ब्राउझरमध्ये थेट लिहिलंस," तो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

"हो."

"आणि एस्केप."

"हो."

उल्हास मागे टेकला. "खरं बोलतोय तो," त्याने मीनाक्षीला सांगितलं.

"कशावरून?"

"मला त्याचं बोट माहितीये."

गुरुवारपासून सुमंत जे कुणाला पटवू शकला नव्हता, ते या माणसाने वाक्य पुरं व्हायच्या आत ओळखलं होतं. आणि ज्याचं नुकसान झालं तो हाच. सुमंतला रडू आलं, पण या घरात आज रडायचा हक्क आपला नाही असं वाटून त्याने ते गिळलं.

"पंधरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं," उल्हास म्हणाला.

"हो."

"पालथ्या घड्यावर पाणी. एखाद्या दिवशी तुझ्या व्हिमने तुझी अशी काही फजिती करावी, याची मी किती वर्षं वाट बघत होतो. मला वाटलं होतं त्या दिवशी मी पोट धरून हसेन. येत नाहीये रे हसू."

मीनाक्षी खुर्ची ओढून बसली. बसताना तिने टेबलाची कड धरली, आणि हळूहळू खाली झाली. "मुद्दाम नाही केलंत, हे बरं झालं," ती म्हणाली. "दोन रात्री त्याचाच त्रास झाला मला. पण मग माझ्या इंजेक्शनचं काय करायचं, तेही त्या बोटालाच विचारू का?"

काही महिने विमा पदरचे पैसे भरून चालू ठेवता येतो, पुढे दुसरा घेता येतो, महाग असला तरी. हे तिघांनाही माहीत होतं, तिघंही विम्याच्याच कंपनीचं मीठ खाल्लेले. सुमंतने "बघू काहीतरी" असं म्हटलं नाही. तेवढं एक शहाणपण त्याने त्या दिवशी दाखवलं.

बाहेर शेजाऱ्याचा कुत्रा भुंकून थांबला. मग उल्हासने विचारलं, "काय लिहिलं होतंस?"

"अं?"

"दोन तास काय लिहीत होतास? तो मजकूर कुठेच नाहीये ना आता? मला नोकरी शोधायचीय, बासष्टाव्या वर्षी. कुणीतरी काहीतरी लिहून द्यायला लागेल. सांग."

त्याने स्वतःचा लॅपटॉप ओढला, उघडला. ईमॅक्सचा तोच काळा पडदा आला, बावीस वर्षं ज्याची सुमंतने टिंगल केली होती. उघडायला वेळ लागला, आणि सुमंत काही बोलला नाही.

त्याने आठवून सांगायला सुरुवात केली, इंग्रजीत, जसं लिहिलं होतं तसं. की जुन्या सिस्टिममधली कुठली गोष्ट का तशी आहे हे सांगू शकणारा हा एकच माणूस उरलाय. की तो आपल्यापेक्षा चांगला प्रोग्रॅमर आहे. उल्हास टाइप करत होता, करंगळी आतल्या आत वळत होती. मग सुमंत अडखळला, पण थांबला नाही. "गारपिटीच्या वर्षी चाळीस हजार क्लेम अडकले होते, ते त्याने एका सकाळी एकट्याने सोडवले. त्याची शाबासकी मला मिळाली. मी ती चूक तेव्हा दुरुस्त केली नाही."

कळांचा आवाज थांबला. "हे लिहिलं होतंस?"

"लिहिलं होतं."

"मला वाटायचं तुला ते आठवतही नसेल," उल्हास म्हणाला, आणि ते टाइप केलं.

"झालं?"

"एक वाक्य राहिलंय."

ते वाक्यही इंग्रजीतच लिहिलेलं होतं, पण इथे, या टेबलाशी, त्याच्या तोंडून ते मराठीत आलं. "या माणसाशी मी बावीस वर्षं भांडलो. त्याच्याशी भांडायची लायकी राहावी, म्हणून रोज नीट काम केलं."

उल्हासचे हात कळांवर नुसते ठेवलेले होते. त्याने सुमंतकडे बघितलं नाही. मीनाक्षीने त्याच्या दंडाला हात लावला.

"लिहा ना," ती म्हणाली.

त्याने लिहिलं, इंग्रजी अक्षरांत, मराठी जसंच्या तसं. असलं वाक्य कुठल्या कंपनीला पाठवता येणार नाही हे दोघांनाही कळत होतं. मग दुखरी करंगळी कंट्रोलवर गेली आणि उल्हासने ते सेव्ह केलं. थोडं थांबून त्याने ते पुन्हा एकदा सेव्ह केलं.